बाजाराच्या दिवसाची लघवी : मुतखड्याचं एक प्रकरण

मे महिना, दुपारचे साडेतीन, बाहेर ४२ अंश. सोलापूर जिल्ह्यातल्या माझ्या दवाखान्यात बाकावर एक बाई बसली होती आणि तिच्या अंगावर गोधडी होती. दात वाजत होते. सोबत नवरा आणि धाकटी जाऊ. बोलली ती जाऊच. "डॉक्टरसाहेब, उजव्या कुशीत तीन दिस झालं दुखतंय. मुतखडाच हाय, आदी बी झाला हुता. मेडिकलमधनं गोळ्या आणल्या, दुखायचं कमी झालं, पर कालपास्नं थंडी वाजून ताप येतोय."

वय ३६, वजन ५८ किलो, धंदा भाजीचा. आठवड्याला चार गावांचे चार बाजार. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला बाईंची परवानगी आहे.) गोधडी पाहूनच मी कागद बाजूला सारला. मुतखड्याचं दुखणं माणसाला रडवतं, पण जीव सहसा घेत नाही. मुतखडा आणि थंडी-ताप एकत्र आले की मात्र घड्याळाकडे बघायचं असतं.

तिथून पुढे काय झालं ते सांगतोच. पण आधी मागच्या दोन खेपांबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या चुका तिथे आहेत.

पहिली खेप तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा ती रात्री दहाला आली होती, रिक्षातून उतरल्या उतरल्या पायरीवरच आडवी झाली. असा पेशंट दारातच ओळखू येतो. अपेंडिक्सवाला निपचित पडून राहतो, हललं की त्याला दुखतं. मुतखडावाल्याला कुठलीच कूस सोसत नाही. लोळतो, उठतो, भिंतीला कपाळ टेकतो, ओकारी येते, परत लोळतो. दुखणं पाठीकडून निघून जांघेत उतरतं. तरीही तिशीतल्या बाईचं पोट दुखत असेल तर गर्भ नळीत राहिलेला नाही ना, हे लघवीच्या साध्या पट्टीवर पाहिल्याशिवाय 'मुतखडा' हा शब्द उच्चारायचा नाही, असा माझ्याकडे नियम आहे. पट्टी कोरी निघाली. डायक्लोफेनॅक ७५ मिलीग्रॅम कमरेत दिलं, अर्ध्या तासात बाई शांत झोपली. सकाळी सोनोग्राफीत ४ मिमीचा खडा दिसला, मूत्रवाहिनी मूत्राशयात शिरते त्या तोंडाशी अडकलेला.

मूत्रवाहिनी म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आलेली २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची बारीक नळी. ती तीन ठिकाणी अरुंद होते: मूत्रपिंडातून निघताना, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवरून ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडे बहुतेक याच तीन नाक्यांवर अडतात. पाच मिमीच्या आतले खडे साधारण तीनांतले दोन आपसूक पडतात. पाच ते दहा मिमीचे जवळपास निम्मे. म्हणून मी थांबायचं ठरवलं. सलाइनच्या बाटल्या चढवून खडा "धुऊन काढायचा" प्रकार केला नाही, कारण त्यानं खडा लवकर पडतो असं दिसलेलं नाही. सहाव्या दिवशी तो पडला.

तिनं तो पाहिला. "ज्वारीच्या दाण्याएवढा हुता," म्हणाली. आणि मोरीत पाणी ओतून घालवला. लघवी गाळून घ्या, खडा डबीत घालून आणा, हे मी सांगितलंच नव्हतं. तो हाती आला असता तर तो कशाचा आहे ते तेव्हाच कळलं असतं. त्यावर कडी म्हणजे कागदावर मी लिहिलं होतं: "पाणी भरपूर पिणे." गेली पंचवीस वर्षं मी हेच तीन शब्द लिहीत आलो आहे.

दुसऱ्या खेपेला ती माझ्याकडे आलीच नाही. दीड वर्षानं दुखलं तेव्हा माहेरच्या गावी इंजेक्शन घेतलं आणि मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी पाणफुटीची दोन पानं अनशापोटी चावायला सांगितली, कुणी कुळथाचं कढण. दूध बंद, दही बंद, टोमॅटो बंद, वांगं बंद. कुळथाबद्दल माझी तक्रार नाही. कुळथाचं पिठलं मीही आवडीनं खातो. पण कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणजे नेहमी आढळणाऱ्या जातीचा, खडा पोटात घेतलेल्या कुठल्याही औषधानं, पानानं किंवा काढ्यानं विरघळतो असा भरवशाचा पुरावा नाही. विरघळतो तो यूरिक अ‍ॅसिडचा खडा, आणि तोही लघवीची आम्लता औषधानं काही आठवडे कमी ठेवली तर. पाणफुटीला श्रेय मिळतं ते बहुतेक वेळा त्या तीनांतल्या दोन खड्यांचं, जे तसेही पडणारच होते.

आता मे महिन्याकडे परत.

ताप १०२.४, नाडी १२४, रक्तदाब ९६/६०. उजव्या कुशीत पाठीमागून हलकंसं थोपटलं तरी बाई कळवळली. माझ्याकडच्या मशीनवर उजवं मूत्रपिंड फुगलेलं दिसत होतं, मूत्रवाहिनीचा वरचा भागही रुंदावलेला, पण खडा दिसला नाही. सोनोग्राफीचं हे नेहमीचं आहे. मूत्रपिंडातला खडा तिला दिसतो, मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला दिसतो, मधल्या वाटेवरचा आतड्यातल्या वायूआड लपतो. खडा दिसला नाही म्हणजे खडा नाही, असं म्हणायची सोय नसते. मूत्रपिंड फुगलंय आणि ताप आहे, एवढं मला पुरेसं होतं.

अशा वेळी सगळ्यात मोठा मोह होतो दाखल करून घेऊन अँटिबायोटिक सुरू करण्याचा आणि सकाळपर्यंत वाट बघण्याचा. खड्याच्या वर तुंबलेल्या लघवीत पू झालेला असतो. मोरी तुंबली असताना वरून फिनाइल ओतण्यासारखं ते होतं. औषध तिथपर्यंत धड पोचत नाही, आणि जंतू मात्र दाबानं उलटे रक्तात शिरत राहतात. आधी वाट मोकळी करावी लागते. कल्चरसाठी, म्हणजे जंतू कोणता ते ओळखायला, लघवी आणि रक्त काढून घेतलं, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि सलाइन लावलं. दुखण्यावर पॅरासिटामॉल शिरेतून दिलं; डायक्लोफेनॅक या वेळी टाळलं, कारण रक्तदाब पडलेला होता आणि तीन दिवस वेदनाशामक गोळ्या खाल्लेल्या मूत्रपिंडावर आणखी भार नको होता. १०८ ला फोन केला. नवऱ्याची तयारी नव्हती. "उद्या बाजार हाय, माल भरून ठेवलाय." जावेनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गप गाडीत बसला.

सोलापुरात रात्री साध्या, औषध न टोचता केलेल्या सीटी स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट झालं. उजव्या मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात ९ मिमीचा खडा, घनता ११०० हाउन्सफील्ड, म्हणजे चांगलाच टणक. डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात आणखी एक, ५ मिमीचा, मुकाट बसलेला. जंतुसंसर्गानं पांढऱ्या पेशी १९,४०० वर, आणि मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.६ वर. त्याच रात्री युरॉलॉजिस्टनं, म्हणजे मूत्ररोगाच्या सर्जननं, दुर्बिणीतून उजव्या बाजूला डीजे स्टेंट बसवला. डीजे स्टेंट म्हणजे दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी. एक वेटोळं मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात. तो बसताच गढूळ पू वाहून आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरू लागला. कल्चरमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला.

नवऱ्याचा फोन आला. त्याचा राग खरा होता. "एवढं पाठवलं, भूल दिली, अन् खडा आतच ठेवला?" हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. पू भरलेला असताना आत लेझर चालवायचा, पाण्याचा फवारा मारायचा म्हणजे जंतू रक्तात ढकलायचे. त्या रात्री युरॉलॉजिस्टनं खड्याला हात लावला नाही, तोच त्यांचा शहाणपणा. मी त्याला म्हटलं, "आग लागलेल्या घरातून आधी माणूस काढतात, कपाट नंतर." पटलं की नाही माहीत नाही, पण फोन ठेवताना आवाज उतरला होता.

तीन आठवड्यांनी, लघवी निर्जंतुक झाल्यावर, मूत्रवाहिनीत बारीक दुर्बीण घालून होल्मियम लेझरनं खडा फोडला. बाहेरून लहरींचे तडाखे देऊन फोडायची पद्धत १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरली गेली आणि आजही ती कामाची आहे. पण इतक्या टणक, अडकून बसलेल्या खड्याला दुर्बीणच बरी, असं युरॉलॉजिस्टचं मत पडलं आणि मलाही ते पटलं. पाठीतून छिद्र करायची वेळ यायला खडा साधारण दोन सेंटिमीटरच्या वर लागतो. काम तासाभरात झालं. तुकडे डबीत घालून आमच्याकडे आले. या वेळी मी आठवणीनं मागवले होते.

सूज उतरेपर्यंत नवा स्टेंट दोन आठवड्यांसाठी ठेवला. दोन आठवड्यांनी बाई गेली नाही. चार आठवड्यांनीही नाही. स्टेंटचा त्रास होतो, सारखी लघवीची भावना, लघवी करताना कुशीत कळ, मधूनच लालसर रंग. पण तो सोसवतो आणि दुखणं तर गेलेलं असतं. मग लोक विसरतात. मी एकदा वर्षानुवर्षं आत राहिलेला स्टेंट पाहिला आहे. त्याच्या दोन्ही टोकांवर अंड्याएवढे खडे जमले होते. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. आमच्या भागातल्या ज्याला ज्याला स्टेंट बसतो त्याचं नाव त्यात लिहायचं आणि नळी निघाली की लाल रेघ मारायची. हिच्या नावापुढे रेघ नव्हती, म्हणून फोन केला. सातव्या आठवड्यात स्टेंट निघाला, नुसती जागा बधिर करून, पाच मिनिटांत.

तुकड्यांचा इन्फ्रारेड अहवाल आला: कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट. नवल नव्हतं, दर दहा खड्यांतले आठेक कॅल्शियमचेच असतात. रक्तातलं कॅल्शियम ९.२, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा संशय नाही. क्रिएटिनिन ०.८ वर परत आलेलं. पण तीन वर्षांत तीन खेपा आणि डावीकडे चौथा खडा तयार. काहीही न करता सोडलं तर पहिल्या खड्यानंतर पाच-दहा वर्षांत निम्म्या लोकांना दुसरा होतो. हिचा वेग त्याहून पुष्कळ होता. म्हणून २४ तासांची लघवी तपासायचं ठरवलं.

ही तपासणी आमच्याकडे फारशी होत नाही. पाच लिटरची कॅन द्यायची, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली, सगळी तिच्यात. बाईनं इमानेइतबारे केलं. अहवाल पाहून मी बुचकळ्यात पडलो. लघवी १८०० मिली, कॅल्शियम १६८ मिलीग्रॅम, ऑक्झलेट ३१, खडा जमू न देणारं सायट्रेट ३४२. जवळपास निर्दोष. अशा लघवीत एवढ्या भराभर खडे धरायला नकोत.

"कॅन कोणत्या दिवशी भरली?" मी विचारलं.

"आयतवारी. त्या दिशी घरीच असतो न्हवं."

"बाजाराच्या दिवशी भरून आणता का एकदा?"

ती हसली. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बाजारात कॅन घिऊन बसू कुठं?"

तीन वर्षं मी तिला पाणी भरपूर प्या म्हणत होतो. तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, साडेसहाला टेम्पो, सातला पाल, संध्याकाळी सातला आवरतं. चारपैकी तीन बाजारांत बायकांना जायला जागा नाही. चौथ्यात ग्रामपंचायतीनं बांधलेलं स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली शिपायाकडे. ती निघताना एक तांब्या पाणी पिते आणि मग संध्याकाळपर्यंत फक्त दोन-तीन अर्धे कप चहा. "पानी पिलं की मंग पंचाईत हुती," एवढंच ती म्हणाली. हे तिनं मला आधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. आणि पुरुष डॉक्टरला आपणहून सांगण्यासारखा हा विषय तिच्या लेखी नव्हता. मुंबईत २०११ पासून बायकांच्या मुतारीच्या हक्कासाठी 'राइट टू पी' मोहीम चालली, पेपरात मी वाचत होतो. आपल्या पेशंटच्या मुतखड्याशी तिची गाठ मला घालता आली नाही.

तरीही तिनं कॅन भरून आणली. भाजीच्या पोत्याआड ठेवून, किराणा दुकानदाराच्या बायकोची मनधरणी करून, दोनदा तिच्या घरी जाऊन. लघवी ७२० मिली. लॅबवाल्यानं विचारलं, "अर्धी सांडली का?" नव्हती सांडली. लघवीतून क्रिएटिनिन रोज जवळपास सारखंच पडतं, त्यावरून कॅन पुरी भरली की नाही ते कळतं. घरच्या दिवशी ९१० मिलीग्रॅम, बाजारच्या दिवशी ८९०. दोन्ही कॅन खऱ्या होत्या, दिवस वेगळे होते. ऑक्झलेट ३६, म्हणजे आकडा फार वाढलेला नाही. पण घरच्या दिवशी लिटरमागे १७ मिलीग्रॅम होतं ते इथे ५० झालं. पाकात साखर तेवढीच, पाणी आटवलं की वड्या धरतात, तसं हे. शिवाय सायट्रेट २४८ वर घसरलेलं, आणि सोडियम २०५ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे जवळपास १२ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाचाच्या आत राहा म्हणते. मीठ जेवढं जास्त, तेवढं मूत्रपिंड लघवीत कॅल्शियमही जास्त सोडतं. बाजारच्या दिवशी ते २१४ होतं.

मीठ कुठून येत होतं ते डबा उघडला की दिसत होतं. भाकरी, ठेचा, खाराची मिरची, लोणचं, वर बाजारातली भजी. कोरड्यास, म्हणजे पातळ कालवण, सांडतं म्हणून बाजाराच्या दिवशी नसायचं. आणि दही? ते दोन वर्षांपासून बंद. शेंगाचटणी दह्यात कालवून खायची आपल्याकडची रीत किती शहाणपणाची आहे हे मला या बाईमुळे उमगलं. शेंगदाण्यात ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं. जेवणासोबत कॅल्शियम पोटात गेलं की ते आतड्यातच ऑक्झलेटला बांधून टाकतं आणि दोघंही शौचावाटे बाहेर पडतात. दही काढून घेतलं की ऑक्झलेट मोकळं होऊन रक्तात आणि तिथून लघवीत येतं. इटलीतल्या पार्मा इथल्या बोर्गी यांच्या गटानं २००२ मध्ये १२० पुरुषांवरचा पाच वर्षांचा अभ्यास छापला. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीसारखं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांना. अभ्यास पुरुषांवरचा आहे, पण आतडं बाईचंही असंच वागतं.

म्हणून आधी दही परत आलं. टोमॅटो आणि वांगंही परत आलं. टोमॅटोच्या बिया मूत्रपिंडात जाऊन बसतात ही समजूत कुठून आली देव जाणे. बिया आतड्यातून जातात आणि टोमॅटोत ऑक्झलेट नगण्य असतं. ऑक्झलेटनं खच्चून भरलेला तो पालक. अळूचं पान कच्चं चाखलं की घशाला जी खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्याच सुयांची. या दोन भाज्या ती विकते, घरी फार करत नाही. कराल तेव्हा दह्याबरोबर खा, एवढंच सांगितलं. बोअरच्या पाण्याचंही तिनं विचारलं, सगळेच विचारतात. जड पाण्यानं खडे होतात असं ठामपणे म्हणता येत नाही. आहे ते पाणी प्या, पण प्या.

लिंबावरून थोडी झटापट झाली. लिंबातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, खडा जमू देत नाही. पण आपलं सरबत मिठाशिवाय होतच नाही. "मिठाबिगर सरबत म्हंजी आजारपन वाटतं," ती म्हणाली. चिमूटभर साखर चालेल, मीठ नाही, यावर तडजोड झाली. जोडीला पोटॅशियम सायट्रेटचं औषध पाण्यातून, महिन्यानं रक्तातलं पोटॅशियम पाहून.

पाण्याचं गणित मात्र कागदावर सुटणारं नव्हतं. रोज अडीच लिटर लघवी व्हावी एवढं पाणी प्या असं पुस्तक सांगतं. बोर्गी यांच्याच १९९६ च्या अभ्यासात दोन लिटरच्या वर लघवी राखणाऱ्या ९९ पैकी १२ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, न राखणाऱ्या १०० पैकी २७ जणांना. पण हे आकडे मुतारी आहे असं धरून आहेत. आम्ही बाजारनिहाय विचार केला. पहिल्या गावी दुकानदाराची बायको तयार होतीच. भाजीची एक जुडी आणि दिवसातून दोनदा जाणं, असा सौदा ठरला. कुलूपवाल्या गावी सात-आठ विक्रेत्या बायका मिळून सरपंचांकडे गेल्या. किल्ली शिपायाकडून निघून चहाच्या टपरीवर आली. स्वच्छतागृहात पाणी नव्हतं, ते बायका घागरीनं नेऊ लागल्या. उरलेल्या दोन गावी काहीच सोय नाही. तिथल्या दिवशी पहाटे उठल्यावर अर्धा लिटर आणि निघायच्या आधी मोकळं होऊन यायचं, दुपारी तीननंतर प्यायला लागायचं, घरी परतल्यावर एक लिटर, झोपताना एक पेला. रात्री एकदा उठावं लागतं. मोजायला खूण सांगितली: लघवी ताकाच्या निवळीसारखी दिसली पाहिजे, चहासारखी नको.

तीन महिन्यांनी पुन्हा बाजारच्या दिवशी कॅन भरली, किल्लीवाल्या गावी. १४५० मिली. सायट्रेट ३९०, सोडियम १५८. पुस्तकातले अडीच लिटर नाहीत. मी तक्रार केली नाही. वर्षानं सोनोग्राफीत डावीकडचा खडा ५ मिमीच होता, नवीन काही नव्हतं. त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय. वाढला, दुखला किंवा पुन्हा जंतुसंसर्ग झाला तर बघू. कुशीत दुखून ताप आला तर मेडिकलच्या गोळ्या न घेता त्याच दिवशी यायचं, हे तिच्याबरोबर जावेकडूनही वदवून घेतलं आहे.

मागच्या महिन्यात ती एका मिरचीवाल्या बाईला घेऊन आली. कूस धरून वाकलेली, ताप नाही. मी काही विचारायच्या आत आमची बाई तिला म्हणाली, "आदी कॅनचं बोल. अन् आयतवारची भरू नगंस."